एक गिझर, दोन मीटर: वाढलेल्या युनिटांच्या शोधाच्या नोंदी

सातारा येथील आमचे घर दुमजली आहे. खाली दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि आई राहतात. वर मी, पत्नी आणि मुलगी असे तिघे राहतो. दोन्ही मजल्यांचे मीटर वेगळे असून ते जिन्याखालील एकाच लाकडी फळीवर शेजारी शेजारी बसवलेले आहेत. वरच्या मजल्याचे बिल अचानक वाढल्यानंतर मी ज्या क्रमाने शोध घेतला, त्याच क्रमाने पुढील नोंदी लिहिल्या आहेत. त्यांत माझे चुकलेले अंदाजही तसेच ठेवले आहेत, कारण चार आठवड्यांतील बराचसा वेळ त्या चुकांतच गेला आणि इतरांचा तसा जाऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

डिसेंबरचे बिल हातात आले. मागील रीडिंग ५९५६, चालू रीडिंग ६१६२, गुणक अवयव (रीडिंगमधील फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) १ आणि एकूण वापर २०६ युनिट. ऑक्टोबरच्या बिलात हाच आकडा १२४ होता. या काळात आम्ही एकही नवे उपकरण घेतलेले नाही. आमच्या मजल्यावर गिझर नाही, आंघोळीचे पाणी गच्चीवरील सौर बंबातून येते आणि स्वयंपाक गॅसवर होतो. थंडीमुळे पंखेही बंद आहेत, म्हणजे वापर कमी व्हायला हवा होता.

वाढ ८२ युनिटांची असली तरी ती सगळी महागड्या टप्प्यात पडते, हे बिल उलटून पाहिल्यावर लक्षात आले. तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये होता आणि १०१ ते ३०० या टप्प्यात तो १०.२९ रुपये होता. त्यात प्रत्येक युनिटामागे १.१७ रुपये वहन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले, तर पहिल्या टप्प्यातील युनिट ६.८२ रुपयांना आणि दुसऱ्या टप्प्यातील १३.२९ रुपयांना पडत होते. इंधन समायोजन आकार वेगळा. याचा अर्थ हे ८२ युनिट मला सुमारे १,०९० रुपयांना पडले. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढण्याची सवय मला होती. त्या सरासरीने हा फटका बराच लहान दिसतो, म्हणून वाढ किंवा बचत मोजताना नेहमी शेवटच्या टप्प्याचा दर धरावा.

संध्याकाळी मीटर पाहिला आणि तेथेच पहिली चूक झाली. पडद्यावरील दशांश टिंब फिकट असल्यामुळे मी ६२१४.७ हा आकडा ६२१४७ असा लिहून घेतला आणि मीटरच बिघडला आहे असे पत्नीला सांगून मोकळा झालो. पडद्यावरील आकडे काही सेकंदांनी आपोआप बदलतात: तारीख, वेळ, एकूण युनिट, महत्तम मागणी, व्होल्टेज असा आमच्या मीटरचा क्रम आहे. ज्या आकड्याच्या बाजूला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) ही अक्षरे असतील तोच बिलाशी ताडून पाहावा आणि शक्यतो मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर टिंब दिसले.

६ ते ११ जानेवारी

रोज चार वेळा रीडिंग घेण्याचे ठरवले: सकाळी ६, सकाळी ९, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. बुधवारी रात्रीचे रीडिंग राहून गेले, त्यामुळे तो दिवस हिशेबातून वगळला. उरलेल्या पाच दिवसांची सरासरी अशी आली: रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत ०.७ युनिट, सकाळी ६ ते ९ या तीन तासांत ३.२ युनिट, दिवसभरात १.३ आणि संध्याकाळी १.४. एकूण ६.६ युनिट.

दिवसातला निम्मा वापर सकाळच्या तीन तासांत होत होता. त्या वेळी आमच्याकडे दोन दिवे, पाच मिनिटे मिक्सर, दहा मिनिटे इस्त्री आणि फ्रीज एवढेच चालते. उत्तर येथेच वहीत लिहिलेले होते; मी मात्र फक्त बेरीज पाहिली आणि वेळेकडे दुर्लक्ष केले. ज्यांना असा शोध घ्यायचा आहे त्यांनी दिवसाच्या एकूण आकड्यापेक्षा कोणत्या तासांत तो वाढतो हे आधी पाहावे.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावरील सगळे एमसीबी (एकेका भागाची वीज तोडणारे छोटे स्विच) खाली पाडले आणि जिन्याखाली जाऊन मीटरसमोर उभा राहिलो. वीज वापरली जात असताना मीटरवरील लाल दिवा लुकलुकतो. दहा मिनिटांत तो एकदाही लुकलुकला नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की घरात कोठेही गळती नाही आणि दोष एखाद्या उपकरणातच आहे. चाचणीची पद्धत बरोबर होती, परंतु वेळ चुकीची होती. ज्या तासांत वापर वाढतो त्याच तासांत ती करायला हवी होती.

एमसीबी बंद आहेतच तर कामे उरकावीत म्हणून मी बैठकीतील एक सॉकेट उघडून त्याच्या तारा घट्ट केल्या. हे किती धोक्याचे होते ते पुढे २८ तारखेच्या नोंदीत लिहिले आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीमुळे घरी होतो, म्हणून एकेका उपकरणाचा वापर लाल दिव्यावरून मोजायला घेतला. रीत सोपी आहे. एका युनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. बाकी सारे बंद ठेवून एकच उपकरण चालू करायचे, दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि त्यावरून वॅट काढायचे. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना दहा लुकलुकींना ९४ सेकंद लागले आणि माझ्या हिशेबाने उत्तर २३९ वॅट आले. फ्रीज दुप्पट वीज ओढतो आहे अशी माझी खात्री झाली.

१५ ते १७ जानेवारी

फ्रीज दुरुस्त करणाऱ्यास बोलावले. तपासणीचे ४५० रुपये आणि दाराचे रबर बदलण्याचे १,१५० रुपये, असे १,६०० रुपये दिले. पुढील दोन दिवसांच्या रीडिंगमध्ये काहीही फरक पडला नाही.

शुक्रवारी रात्री मीटरची दर्शनी पट्टी विजेरी लावून नीट वाचली, तेव्हा तेथे ३२०० हा आकडा दिसला. मी एका जुन्या कागदावरून १६०० धरून हिशेब केला होता. आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट, त्यामुळे १०० लुकलुकी म्हणजे ३१.२५ वॅट-तास. म्हणून १,१२,५०० ला १०० लुकलुकींच्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. दहाच लुकलुकी मोजल्या तर ११,२५० ला भागायचे. फ्रीजचे खरे उत्तर १२० वॅट होते, म्हणजे तो अगदी व्यवस्थित चालला होता. हा आकडा मीटरगणिक वेगळा असू शकतो, म्हणून तो आपल्याच मीटरवर वाचल्याशिवाय पुढचे गणित करू नये. मी तो वाचला असता तर १,६०० रुपये वाचले असते. त्याशिवाय, रात्रीच्या आठ तासांत फ्रीजसह सगळे मिळून ०.७ युनिटच जाते हे वहीत दिसत असताना फ्रीजवर संशय घेणेच चुकीचे होते.

१९ जानेवारी, रविवार

या वेळी सकाळी सात वाजता चाचणी केली. सगळे एमसीबी बंद, घरात एकही दिवा नाही, फ्रीज बंद, इन्व्हर्टरही बंद. खाली जाऊन पाहतो तर आमच्या मीटरचा लाल दिवा वेगाने लुकलुकत होता. दहा लुकलुकी डोळ्यांनी मोजणे कठीण जात होते, म्हणून मोबाइलवर चित्रण करून ते सावकाश चालवले. १०० लुकलुकींना ५९ सेकंद, म्हणजे १,९०७ वॅट. सात वाजून सव्वीस मिनिटांनी लुकलुकणे एकदम थांबले आणि सहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाले.

त्याच वेळी ‘अर्थ’ असे लिहिलेला दुसरा छोटा दिवाही लागलेला दिसला. लुकलुकणे थांबले की तोही विझत होता. हा दिवा यापूर्वीही लागत असणार, पण मी कधी लक्ष दिले नव्हते.

२० ते २५ जानेवारी

आठवडाभर मी मीटरलाच दोषी धरले. मीटर तपासणीचा अर्ज लिहून ठेवला, मात्र तो देण्यापूर्वी मीटर खरोखर चुकतो का हे पाहावे असे पत्नीने सुचवले आणि ते योग्यच होते. सॉकेटमध्ये लावून वॅट दाखवणारे छोटे यंत्र ९५० रुपयांना आणले. दुपारी बाकी सारे बंद ठेवून पाणी तापवण्याची १,००० वॅटची कांडी बादलीत सोडली. यंत्राने ९५८ वॅट दाखवले आणि मीटरवर १०० लुकलुकींना ११७ सेकंद लागले, म्हणजे ९६२ वॅट. अर्धा टक्काही फरक नव्हता. मीटर ठीक होता आणि अर्ज फाडून टाकला.

(कांडी नेहमी पाण्यात सोडल्यावरच चालू करावी, आणि ती चालू असताना बादलीला किंवा पाण्याला हात लावू नये.)

२६ जानेवारी, रविवार

सकाळी सव्वासात. मीटरसमोर उभा असताना एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. दादाचा मीटर आमच्या मीटरपासून वीतभर अंतरावर आहे आणि त्याचा लाल दिवाही जवळपास त्याच लयीत लुकलुकत होता. त्याच्या १०० लुकलुकींना ५५ सेकंद लागत होते, आमच्या ५९. दोन्ही दिवे काही क्षण एकत्र लागत, मग थोडे मागेपुढे होत आणि पुन्हा जुळत.

एमसीबी आधीच बंद होते. आता मी वर जाऊन मुख्य स्विचही बंद केला. आमचे एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतात. मुख्य स्विच डबल पोल आहे, म्हणजे तो फेज आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) दोन्ही तोडतो. मिनिटभरातच खालून वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, वर काही बंद केलंत का? आमच्या गिझरचा दिवा गेला.”

मी स्विच पुन्हा वर केला आणि गिझरचा दिवा लागला. असे तीन वेळा करून पाहिले. दादा न्हाणीघराच्या दारात उभा राहून मला हाका देत होता. आमचा मुख्य स्विच बंद केला की त्याचा गिझर बंद पडत होता. हा गिझर नोव्हेंबरच्या मध्यास खालचे नवे न्हाणीघर बांधले तेव्हा बसवला आहे. तो १५ लिटरचा आणि २,००० वॅटचा आहे. मीटरवर २२५ व्होल्ट दिसत होते. तेवढ्या दाबाला २,००० वॅटचा गिझर सुमारे १,९१४ वॅट घेतो. आमच्या मीटरवर आलेला १,९०७ हा आकडा त्याच्याशी जुळला. मध्येच लुकलुकणे थांबत होते ते पाणी तापले की वीज तोडणाऱ्या थर्मोस्टॅटमुळे.

दादाने लगेच विचारले, “म्हणजे माझ्या गिझरची वीज तू भरत होतास का? सांग किती झाले, मी देतो.” पण त्याचा मीटरही त्याच वेळी तेवढ्याच वेगाने चालत होता, त्यामुळे हा हिशेब इतका सरळ नव्हता.

२८ जानेवारी, मंगळवार

परवानाधारक वायरमन सकाळी साडेसहालाच आले, कारण दोष फक्त गिझर चालू असतानाच दिसतो. त्यांनी आमचे एमसीबी बंद करायला लावले आणि मीटरवरील बटण एकेकदा दाबत गेले. बटण दाबल्यावर पडद्यावर फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह वेगवेगळा दिसतो, हे मला ठाऊकच नव्हते. फेज: ०.० अँपिअर. न्यूट्रल: ८.४ अँपिअर. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावून त्यांनी पुन्हा खात्री केली आणि तोच आकडा आला. हे बटण मी ६ जानेवारीस सकाळी दाबले असते तर तीन आठवडे वाचले असते.

कारण त्यांनी छताजवळची जोडपेटी उघडून दाखवले. नव्या न्हाणीघराच्या भिंतीतून आमच्या मजल्याच्या विजेच्या तारांची जुनी नळी जाते. गिझरची फेज दादाच्या बोर्डातून आणली होती, परंतु न्यूट्रल तेथून ओढण्याऐवजी जवळच्या आमच्या तारेला जोडला होता. काळी तार काळ्या तारेला पीळ देऊन जोडलेली, वर पिवळी पट्टी गुंडाळलेली. दिसायला काम स्वच्छ होते. गिझरचा प्रवाह दादाच्या मीटरमधून फेजने आत येत होता आणि आमच्या मीटरमधून न्यूट्रलने परत जात होता.

घरगुती डिजिटल मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा प्रवाह पाहतो आणि त्यांतील जो मोठा असेल त्यावर युनिट मोजतो. न्यूट्रल जमिनीत सोडून कोणी वीजचोरी करू नये यासाठी ही व्यवस्था आहे. दोन्ही प्रवाह समान नसतील तर ‘अर्थ’ दिवा लागतो. दादाच्या मीटरला फेज मोठी दिसली आणि आमच्या मीटरला न्यूट्रल मोठा दिसला, त्यामुळे एकाच गिझरची वीज दोन्ही मीटरांनी पूर्णपणे नोंदवली. दोन्ही मीटर आपापल्या जागी बरोबर होते. दादाने त्याच्या गिझरचे पैसे स्वतःच्या बिलातून आधीच भरले होते आणि मी तेच पैसे पुन्हा भरत होतो, त्यामुळे त्याच्याकडून काही घेण्याचा प्रश्नच नव्हता. दोष घरातील वायरिंगचा असल्याने वीज कंपनीकडे तक्रार करण्यासारखेही काही नव्हते.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट वायरमननी शेवटी सांगितली. आमचे एमसीबी बंद असतानाही न्यूट्रलच्या तारेतून ८.४ अँपिअर वाहत होते. ती तार कोणी सोडवली असती, तर गिझरच्या कॉइलमधून येणारा पूर्ण दाब तिच्या मोकळ्या टोकावर आला असता. १२ जानेवारीस मी उघडलेल्या सॉकेटमध्ये काळी तार होती आणि ती सोडवून पुन्हा बसवली होती. तेव्हा दुपार होती आणि गिझर बंद होता. सकाळी तेच काम केले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही मनातून जात नाही. म्हणून ज्यांच्या घरी ‘अर्थ’ दिवा लागलेला दिसेल त्यांनी एमसीबी बंद करून स्वतः बोर्ड उघडू नये, वायरमन बोलवावा. आणि मीटरचे सील तर कोणत्याही कारणासाठी उघडू नये.

२ फेब्रुवारी, रविवार

गिझरसाठी दादाच्या बोर्डातून स्वतंत्र न्यूट्रल ओढला. १२ मीटर तार आणि पट्टी मिळून ६४० रुपये लागले. जुना जोड तोडून टोक बंद केले. गिझर चालू केल्यावर आमच्या मीटरचा दिवा स्थिर राहिला आणि ‘अर्थ’ विझलेलाच राहिला.

वायरमनच्या सल्ल्याने दोन्ही मजल्यांना ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले. दोन्हींचे मिळून ४,२०० रुपये झाले. फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहात फरक पडताच हे उपकरण वीज तोडते. ते आधी असते तर नोव्हेंबरमध्ये गिझर चालू करताक्षणीच वीज तुटली असती आणि चूक त्याच दिवशी सापडली असती.

काम संपले असे वाटत असतानाच संध्याकाळी जिन्यातला दिवा लावला आणि दोन्ही मजल्यांची वीज एकदम गेली. तीन वेळा तसेच झाले. वर आणि खाली दोन्हीकडून लागणाऱ्या या दिव्याची फेज आमची आणि न्यूट्रल दादाचा निघाला, आणि हे घर बांधल्यापासून तसेच असावे. दिवा ९ वॅटचा असल्यामुळे बिलात तो कधीच कळला नसता. रात्र विजेरीवर काढली. दुसऱ्या दिवशी वायरमननी दिवा पूर्णपणे दादाच्या मीटरवर घेतला. तीन खेपांची मजुरी १,२०० रुपये झाली.

९ ते १५ फेब्रुवारी

पुन्हा चार वेळांचे रीडिंग. रात्री ०.७, सकाळी ०.६, दिवसा १.३, संध्याकाळी १.४, एकूण ४.० युनिट. बदल फक्त सकाळच्या रकान्यात झाला आहे आणि तो बरोबर २.६ युनिटांचा आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून २ फेब्रुवारीपर्यंत सुमारे ७६ दिवस होतात. त्या काळात जवळपास १९८ युनिट, म्हणजे १३.२९ रुपयांच्या दराने सुमारे २,६३० रुपये दोनदा भरले गेले. शोध आणि दुरुस्तीचा एकूण खर्च ८,५९० रुपये झाला. त्यातले फ्रीजवरचे १,६०० वाया गेले, तर आरसीसीबीचे ४,२०० कधीतरी करायलाच हवे होते.

६ मार्च, गुरुवार

फेब्रुवारीचे बिल १३३ युनिटांचे आले. त्यात दुरुस्तीपूर्वीचे पाच दिवस धरलेले आहेत, त्यामुळे हिशेब जुळतो.

दादानेही आता आपल्या मीटरची वही केली असून ती जिन्याखाली खिळ्याला टांगलेली आहे. त्याच्याकडे रोज ७.१ युनिट जातात आणि त्यांतील २.६ एकट्या गिझरचे आहेत. गिझरचा थर्मोस्टॅट ७५ अंशांवर होता. तो वायरमनकडून ५५ अंशांवर आणून घेतला. पहिल्या आठवड्याच्या नोंदीत गिझरचा वापर रोज २.२ युनिट दिसतो आहे, मात्र थंडीही ओसरू लागली आहे. त्यातला किती फरक थर्मोस्टॅटमुळे पडला हे पुढच्या डिसेंबरच्या वहीशी ताडून पाहायचे ठरले आहे.